‘दात येतायत त्याला, दुसरं काय!’

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल दिवसभर आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोललो, आज सकाळी रेशनच्या प्रश्नावर. आणि आता फळ्यावर ‘बाळाचे पहिले दात’ असं लिहिलेलं बघून दोघीतिघी एकमेकींकडे पाहून हसल्या, ते मी पाहिलं. हसायला हरकत नाही. हा विषय एखाद्या मासिकातल्या ‘गृहिणींसाठी’ पानावरचा, संघटनेच्या शिबिरात कशाला, असं वाटणारच.

पण जरा आठवून बघा. तुम्ही वस्तीत घरोघर जाता. एखाद्या घरात बाळ मलूल पडलेलं असतं, अंग तापलेलं, सकाळपासून चारपाच वेळा पातळ शी झालेली. काय झालं म्हणून विचारलं तर काय उत्तर मिळतं?

बघा, सगळ्या एका सुरात म्हणालात. ‘दात येतायत.’

सासू हेच म्हणते, शेजारीण हेच म्हणते. औषधाच्या दुकानातला माणूस बाटली पुढे करत हेच म्हणतो. नवरा तर म्हणतोच, कारण असं म्हटलं की त्याला उठावं लागत नाही. आणि काही वेळा दवाखान्यातला डॉक्टरही बाळाच्या पोटाला हात न लावता हेच म्हणून मोकळा होतो. हे दोन शब्द उच्चारले की चौकशी संपते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. दात येण्याने बाळ दगावत नाही. पण ‘दात येतायत’ या उत्तराने दगावू शकतं. आणि या उत्तराने सगळ्यात आधी कुणाचं तोंड बंद होत असेल, तर जिला काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा कळलेलं असतं त्या आईचं. म्हणून हा विषय आपला.

तर आधी दात येतात तेव्हा खरोखर काय होतं, ते बघू.

दात काही सहाव्या महिन्यात तयार होत नाहीत. बाळ पोटात असताना, दुसऱ्या महिन्यातच त्यांची सुरुवात झालेली असते. जन्मलेल्या बाळाच्या बोळक्या तोंडात, हिरडीच्या आत, वीसच्या वीस दुधाचे दात घडत असतात. पुढे ते फक्त वर येतात. बहुतेक बाळांना पहिल्यांदा खालचे मधले दोन दात येतात, साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान. मग वरचे मधले दोन, आठ ते बारा महिन्यांत. त्यांच्या शेजारचे त्यानंतर. दाढा त्याहून उशिरा, वर्ष उलटल्यावर. सुळे दीड वर्षाच्या आसपास, आणि शेवटच्या दाढा दोन-अडीच वर्षांच्या पुढेमागे. तीन वर्षांपर्यंत वीस पुरे होतात. एखाद्याला चौथ्या महिन्यात दात दिसतो, एखाद्याचा वाढदिवस झाला तरी बोळकंच असतं. दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही, बऱ्याचदा आईला किंवा बापाला विचारलं तर त्यांचंही तसंच झालेलं असतं. दीड वर्ष झालं तरी एकही दात नाही, तर मात्र दाखवून घ्यायचं. कधी मुडदूस असतो, कधी थायरॉइडचा दोष असतो.

आता लक्षणं. हिरडीवर एक जागा फुगलेली, थोडी लालसर किंवा पांढुरकी दिसते. स्वच्छ धुतलेलं बोट हळूच फिरवलं तर आत टणक धार लागते. क्वचित तिथे निळसर फोडासारखं दिसतं. ते पाहून बायका घाबरतात, पण दात वर आला की ते आपोआप जातं, टोचायचं-फोडायचं नाही. लाळ वाढते. बाळ मूठ तोंडात घालतं, हाताला लागेल ते चावतं, आपल्या खांद्यावर हिरड्या घासतं. लाळेने हनुवटीवर, गळ्याखाली बारीक पुरळ उठतं. किरकिर वाढते, रात्री एकदोनदा जास्त उठतं. गाल चोळतं, कान ओढतं. पातळ खीर-भात खायला कंटाळतं, पण अंगावर पितं. अंग किंचित कोमट लागू शकतं. किंचित म्हणजे किंचित.

झालं. एवढंच. यादी इथे संपली.

लाळेबद्दल एक सांगून टाकते, कारण तिथे फार घोटाळा होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बाळाची लाळ गळायला लागते, लाळेरं बांधावं लागतं. ती दातांची लाळ नव्हे. लाळेच्या ग्रंथी त्या वयात जोमात कामाला लागलेल्या असतात आणि गिळण्याची कला अजून साधलेली नसते. पण आपण तेव्हापासून ‘दात येणार’ म्हणायला सुरुवात करतो आणि मग पुढचे सातआठ महिने बाळाला जे होईल ते दातांच्या खात्यावर जमा होत राहतं.

खरा प्रकार किती दिवसांचा असतो? २००० साली अमेरिकेत सव्वाशे बाळांच्या आई-बापांनी रोज दोन वेळा ताप मोजून, लक्षणं लिहून ठेवली, महिनोन्‌महिने. दात दिसायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, असे आठ दिवस ही लक्षणं थोडी वाढलेली आढळली. त्यात खोकला नव्हता, उलट्या नव्हत्या, जास्त ताप नव्हता, जुलाब नव्हते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पाळणाघरांतल्या एकवीस बाळांची रोजची नोंद ठेवली गेली. नोंदींत दात आणि दुखणं यांचा संबंध जवळजवळ दिसलाच नाही. पण नंतर आई-बापांना विचारलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आमच्या बाळाला दातांचा त्रास झाला होता! मला ही गोष्ट फार आवडते. शिकलेल्या, थर्मामीटर बाळगणाऱ्या देशातल्या लोकांचंही असं होतं, तर आपल्याकडच्या आज्यांना अडाणी म्हणायचं काही कारण नाही.

मग आज्यांना असं वाटतं तरी का? कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळं खरोखरच आजारी पडायला लागतात. त्याच सुमारास दात येतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की एकीमुळे दुसरी, असं वाटतं. पण त्या वयात आणखी काय काय घडतं ते मोजा. आईकडून जन्माच्या वेळी मिळालेलं रोगांशी लढायचं बळ या महिन्यांत संपत येतं. उष्टावण होतं, वरचं अन्न सुरू होतं, वाटी-चमचा-पाणी येतं, आणि त्याबरोबर त्यांच्यावरची घाण येते. बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून जास्तच घालतं. आईची रजा असलीच तर ती संपते, बाळ दुसऱ्याच्या हाती जातं, बाटली सुरू होते. वस्तीत पाणी एक तास येतं आणि ड्रममध्ये साठवलं जातं. यातलं कुठलंही एक कारण जुलाबाला पुरेसं आहे. पण त्यांतलं एकही नजरेत भरत नाही. दात तेवढा पांढराशुभ्र दिसतो.

तर आता उलट बाजू, आणि ही मात्र प्रत्येकीने घोकून ठेवायची आहे. ताप थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर तो दातांचा नाही. पाण्यासारख्या पातळ शी, वरचेवर होत असतील, तर त्या दातांच्या नाहीत. शीतून रक्त पडणं, उलट्या, खोकला, अंगभर पुरळ, झटके, हे काही दातांचं नाही. एका कानाला सारखा हात जातो आणि ताप आहे, तर कान बघून घ्यायचा. श्वास मोजायचा: वर्षाच्या आतल्या बाळाचा मिनिटाला पन्नास किंवा जास्त, वर्षावरच्या मुलाचा चाळीस किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका. आणि बाळ अंगावर पीत नाही, घेतलेलं सगळं ओकून टाकतं, झटके आले, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, तर त्याच पावली दवाखाना.

पाणी कमी झालेलं ओळखायला आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. ‘टाळू खाली गेली’ हे आपल्याकडच्या प्रत्येक म्हातारीला कळतं. डोळे खोल गेले, लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. खूण अचूक ओळखतात आणि मग टाळूवर तेल भरत बसतात! पाणी तोंडातून जायला हवं, टाळूतून नव्हे. एवढा एकच दुवा आपल्याला जोडून द्यायचा आहे.

ओआरएसचं पाकीट एक लिटर प्यायच्या पाण्यात. निम्मं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असला हिशोब नको, पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा. मीठ जास्त पडता कामा नये. अंगावर पाजणं बंद करायचं नाही. आशाताईंकडे ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या असतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, लहानाला १०, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाईन संपल्यावर हे साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवून कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजलं. पाजायला नर्स कुठून आणणार? आया, बहिणी, नातेवाईक यांनीच पाजलं. मृत्यू झपाट्याने खाली आले. हे लक्षात ठेवा, कारण ‘हे डॉक्टरचं काम, तुम्हाला काय कळतं’ असं कुणी म्हणालं तर उत्तर द्यायला उपयोगी पडतं.

आता एका बाईची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी आठ महिन्यांची. दोन दिवस जुलाब. ही म्हणत होती, पोरीचं लक्षण बरं दिसत नाही, नजर लावत नाही. सासू म्हणाली, दात येतायत, माझ्या पाची पोरांना असंच झालं. नवरा म्हणाला, आईला विचारलंस ना? तरी ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने बाटलीभर औषध लिहून दिलं आणि तेच सांगितलं. म्हणजे तिघांचं एकमत झालं, आणि ते तिच्या विरुद्ध. तिसऱ्या दिवशी पहाटे घरात न विचारता, शेजारणीकडून रिक्षाचे पैसे घेऊन ती मोठ्या दवाखान्यात पोचली. सलाईन लावावं लागलं. पोरगी वाचली. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या तोंडात बघितलं. हिरडी गुळगुळीत, दाताचा पत्ता नाही. पहिला दात त्यानंतर दोन महिन्यांनी आला.

घरी परतल्यावर तिला शाबासकी मिळाली नाही. न विचारता गेली म्हणून आठवडाभर अबोला. मुलगा असता तर तिसरा दिवस उजाडला असता का, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. तिनेच मला विचारला.

हे उत्तर इतकं चिवट का, याचा मी बराच विचार केला. अज्ञान हे कारण आहेच, पण मला वाटतं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे हे उत्तर स्वस्त आहे. ऊसतोडीच्या फडावरची कोपी डोळ्यांसमोर आणा. बाळाला जुलाब लागलेत. तालुक्याला न्यायचं म्हणजे कोयत्याचा खाडा. खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. नवरा-बायकोची जोडी, एकीने सुट्टी घेतली तर दुसऱ्याचं कामही अडतं. अशा वेळी ‘दात येतायत’ हे उत्तर कुणालाही हवंसंच वाटेल, अगदी आईलासुद्धा. तिला दोष देण्याआधी खाड्याचा हिशोब मांडायला हवा.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. विलायतेत १८४० च्या दशकात लंडनच्या मृत्यूंच्या सरकारी नोंदीत वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांपैकी शेकडा पाचाच्या आसपास बाळांपुढे मृत्यूचं कारण ‘दात येणे’ असं लिहिलेलं सापडतं. डॉक्टरांनी लिहिलेलं. उपाय काय, तर चाकूने हिरडी कापायची. शेकडो वर्षं कापल्या. नंतर दातांच्या पावडरी निघाल्या, त्यांत पारा. बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटायचे, बाळं अखंड रडायची, काही मरायची. तो रोग पाऱ्यामुळे होतो हे १९४० च्या दशकात उमगलं आणि १९५० च्या दशकात त्या पावडरी बंद झाल्यावर रोगही नाहीसा झाला. अमेरिकेत मिसेस विन्सलो या नावाचं एक सरबत १८४९ पासून घरोघर खपत होतं, दात येणाऱ्या बाळांसाठी. बाळ लगेच शांत व्हायचं. व्हायचंच, त्यात मॉर्फिन होतं. आईचं नाव आणि आईचं चित्र लावून विकलेलं अफूचं सत्त्व!

आपल्या मुंबईत याला बाळागोळी म्हणत. गिरणीत दहा-दहा तास राबणाऱ्या बायका बाळाला अफूची गोळी चारून खोलीत निजवून जायच्या. १९२२ च्या सुमारास एका महिला डॉक्टरने सरकारसाठी गिरणगावातल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जाते असं तिला आढळलं. तेव्हाच्या भल्या लोकांनी या आयांना खूप नावं ठेवली. पण अफू न देता बाळ सांभाळणार कोण, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकर प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशातला तसा पहिला. बाळाच्या तोंडात काय जातं याचा संबंध आईच्या कामाच्या तासांशी असतो, हे शंभर वर्षांपूर्वीही दिसत होतं.

आता आपल्या घरातल्या उपायांकडे येऊ. इथे तुमच्यापैकी काहीजणी माझ्यावर रागावणार आहेत. सगळं जुनं टाकाऊ नसतं. हिरड्यांवर स्वच्छ बोट फिरवणं, थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं चावायला देणं, उराशी धरून फिरणं, हे आज्यांचे उपाय उत्तम आहेत आणि डॉक्टरही तेच सांगतात. पण टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला चोळतात, ते बंद करायला हवं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या अंगात साठत जातो. ब्रिटनमध्ये चोखण्याला मध आणि बोरॅक्स लावून दिल्यामुळे बाळांना झटके आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. आणि मध, कितीही शुद्ध असला, तरी वर्षाच्या आत बाळाला द्यायचा नाही. त्यात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे बाळ लुळं पडतं. चावायला खारीक देतात, तिचा तुकडा सुटून घशात अडकू शकतो. खारीक द्यायचीच तर पूड करून खिरीत घाला.

दुकानातली हिरडी बधिर करणारी जेल त्याहून वाईट. तिच्यात बेंझोकेन असेल तर रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, ओठ-नखं निळी पडतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांना ती द्यायची नाही असं बजावलं. तिथेच दातांच्या होमिओपथिक गोळ्यांत बेलाडोना हे विषारी द्रव्य ठरल्यापेक्षा जास्त सापडलं होतं. तेव्हा ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्यही तपासून घ्यायचं. बाळ फारच कळवळत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, डॉक्टरला विचारून. रोज नाही.

पूर्व आफ्रिकेत युगांडा, टांझानिया, केनिया या भागांत तर जुलाब-ताप झालेल्या बाळाच्या हिरडीतला न उगवलेला सुळाच उकरून काढतात, तो ‘खोटा दात’ आजार आणतो म्हणून. ऐकून अंगावर काटा येतो. पण आपल्या मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांच्या पोटावर तापल्या विळ्याने डागलं जातं, ते विसरू नका. दुसऱ्याकडे बोट दाखवायला आपल्याला जागा नाही.

वरचे दात आधी आले तर? हो, ‘मामाला जड’. मला हसू येतं आणि रागही येतो. दात बाळाचा, तोंड बाळाचं, आणि संकट बरोब्बर बाईच्या माहेरावर! मग शांत करायला माहेरच्यांनी खर्च करायचा. काही बाळांना वरचे दात आधी येतात, काही थोडी बाळं तर जन्मतःच एखादा दात घेऊन येतात. त्यात शुभ-अशुभ काही नाही. जन्मतः असलेला दात हलत असेल तर तो सुटून घशात जाऊ नये म्हणून डॉक्टरला दाखवायचा, इतकंच. अशा मुलीला ‘कुळाला खाणारी’ म्हणून नाव पडल्याचं मी दोन घरांत ऐकलंय. अशा वेळी अंधश्रद्धेवर भाषण द्यायला वेळ नसतो. त्या घरात बसून सगळ्यांसमोर बाळाला मांडीवर घ्यायचं, तेवढं पुरतं.

अंगावर पाजण्याबद्दलही हेच. दात दिसला की घरचे म्हणतात, आता तोडा, चावेल. बाळ खरोखर पीत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर येते, त्याला चावताच येत नाही. चावतं ते पिऊन झाल्यावर, खेळताना. तेव्हा तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून अलगद सोडवायचं. दोन वर्षांपर्यंत पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलाबाच्या दिवसांत तर तेच पहिलं औषध. आणि पहिला दात आला की मऊ फडक्याने तो रोज पुसायचा. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवलेल्या मुलांचे पुढचे दात काळे पडून झिजलेले तुम्ही अंगणवाडीत पाहताच. दुधाचे आहेत, पडणारच आहेत, म्हणून सोडून देतो आपण. पण ते पडेपर्यंत सहासात वर्षं पोर त्यांनीच जेवतं.

रजेचा विषय मघाशी आला. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच ठेवली आहे. आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर हातात उरतात चारएक महिने, सगळी नंतर घेतली तर सहा. म्हणजे ज्या महिन्यांत पहिला दात येतो, उष्टावण होतं आणि दुखणी सुरू होतात, नेमकी त्याच सुमाराला ती कामावर परत जाते. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा कायद्यात आहे. आपल्या भागातल्या किती कारखान्यांत ते पाळणाघर प्रत्यक्ष चालू आहे, हे जाऊन बघायचं काम आपलं. आणि ज्यांना रजाच नाही, त्या घरकामगार, बिगारी, ऊसतोड बायका? १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं, त्यातून मोबाइल क्रेशेस उभं राहिलं. जागा साधीच होती. पण तिथे बाळाकडे बघणारी एक शहाणी बाई दिवसभर होती. बाळ मलूल आहे हे तिला दुपारी कळलं असतं, रात्री नव्हे.

आपल्यापुरतं काम मी असं सुचवते. प्रत्येक गटाने एक थर्मामीटर आणि ओआरएसची दहा पाकिटं ठेवायची. भेटीच्या वहीत सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांसाठी एक पान वेगळं. तिथे ‘दात’ असं कारण लिहायचं नाही. ताप किती, शी किती वेळा, श्वास किती, लघवी केव्हा झाली, आणि शेवटच्या रकान्यात आईचं म्हणणं, तिच्या शब्दांत. ‘नजर लावत नाही’ असं ती म्हणाली तर तसंच. दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्या. डॉक्टर तिचं ऐकत नसेल तर शांतपणे वही पुढे ठेवा आणि म्हणा, तोंडात बघा, कुठे येतोय दात ते दाखवा. दिसला तर उत्तमच. दिसला तरी जुलाबावर आणि तापावर उपचार करायला सांगा.

थर्मामीटर कसा लावायचा ते चहानंतर दोघीदोघींनी करून बघू. श्वास मोजायला घड्याळ लागेल, सेकंदकाटा असलेलं. कुणाकुणाकडे आहे?